आर्थर रोडची मोमियाई : १८९६ च्या एका अफवेचा अभ्यास

२९ ऑक्टोबर १८९६ रोजी मुंबईत सुमारे हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर चालून गेले. चिंचपोकळीजवळचं हे म्युनिसिपालिटीचं साथीच्या रोगांचं इस्पितळ. आज त्याला कस्तुरबा रुग्णालय म्हणतात आणि रस्त्याला साने गुरुजी मार्ग. शहरात प्लेग आल्याचं निदान होऊन तेव्हा जेमतेम पाच आठवडे झाले होते. मजुरी कापली म्हणून किंवा धान्य महागलं म्हणून हा जमाव आलेला नव्हता. आत नेलेल्या माणसांना डॉक्टर मारून टाकतात, त्यांच्या देहातून काहीतरी काढून घेतात, असं त्या दिवसांत गिरणगावात आणि बाहेरही उघड बोललं जात होतं.

लोकसमजुतींवर बोलायची वेळ आली की मी हेच प्रकरण पुढे ठेवते, कारण ते दोन सोप्या पद्धतींनी सांगितलं जातं आणि दोन्ही पद्धती मला खटकतात. पहिली पद्धत साहेबांची, आणि नंतर आपल्याच शिकलेल्या वर्गानं उचललेली: लोक अडाणी होते, भुताखेतांवर विश्वास ठेवणारे होते, म्हणून औषधालाच घाबरले. दुसरी पद्धत नंतरची: लोक परकीय सत्तेविरुद्ध उठले होते, अफवा हे नुसतं निमित्त. पहिलीत लोकांना अक्कल नाही. दुसरीत त्यांना अक्कल आहे, पण ते जे बोलत होते ते त्यांच्या मनातलं नव्हतंच, असं गृहीत धरलेलं आहे. लोक नेमकं काय म्हणत होते, हे मात्र दोन्हीकडे कुणी नीट ऐकत नाही. या टिपणात मला तेवढंच करायचं आहे.

पाच आठवडे

२३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस या गोवेकर डॉक्टरांनी मांडवीतल्या एका रुग्णाला गाठीचा प्लेग झाल्याचं ओळखलं. मांडवी म्हणजे बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती, दाट, अंधारी आणि उंदरांनी भरलेली. सरकारनं आधी निदान मान्य करायला वेळ घेतला आणि मग एकदम जोर लावला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनर पी. सी. एच. स्नो यांनी १८८८ च्या म्युनिसिपल कायद्याचा आधार घेऊन हुकूम काढला. रोग्याच्या घरात शिरता येईल, घर धुऊन काढता येईल, आणि रोग्याला घरच्यांची इच्छा असो वा नसो, हॉस्पिटलात हलवता येईल.

त्याच ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट घडली. फोर्टात, एस्प्लनेडवर व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी तो शहराला दिला होता. एका रात्री कुणीतरी त्याला डांबर फासलं आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. हे काम आपण केलं, असं पुढे रँडच्या खुनासाठी पकडल्या गेलेल्या दामोदर चापेकरांनी तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात सांगितलं आहे. ऑक्टोबर १८९६ मध्ये मात्र शहराला ते माहीत नव्हतं. पुतळा काळा झाला आणि माणसं मरत होती, एवढंच लोकांच्या डोळ्यांसमोर होतं.

२९ तारखेला हल्ला झाला. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, स्नो यांनी हुकूम सैल केला: घरी वेगळी सोय आणि औषधपाणी होत असेल तर रोग्याला हलवणार नाही. यामागे दंगलीची धास्ती होतीच, पण स्नोंना तिच्याहूनही मोठी भीती वेगळी होती. हलालखोर आणि झाडूवाले घाबरून शहर सोडून गेले असते तर मैला उचलायला कुणी उरलं नसतं. शहर तर रिकामं होतच होतं. फेब्रुवारी १८९७ पर्यंत साडेआठ लाखांच्या आसपासच्या वस्तीतली जवळजवळ चार लाख माणसं बाहेर पडली. बोटींनी कोकणात, घाट चढून देशावर, रेल्वेनं गुजरातेत.

लोक काय म्हणत होते

अफवा एक नव्हती, तिची तीन रूपं होती आणि ती एकमेकांत मिसळत होती.

पहिलं रूप राणीचं. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून राणी कोपली आहे आणि मुंबईच्या रयतेची काळजं मागते आहे, ती काढण्यासाठीच माणसं हॉस्पिटलात नेतात. काळाचा क्रम पाहिला तर हे जुळत नाही, कारण प्लेग आधी आला आणि डांबर नंतर. पण लोकांना रोग कुठून आला हे सांगायचंच नव्हतं. सरकार माणसं उचलून का नेतं, हा त्यांचा प्रश्न होता, आणि उचलानेत खरोखरच डांबराच्या आसपास वाढली होती. विस्कळीत वाटणारी ही गोष्ट आपल्या प्रश्नाला धरून होती.

दुसरं रूप विषाचं. डॉक्टर गरिबांना औषधाच्या नावाखाली विष देतात, म्हणजे रोग लवकर आटोपेल. हे रूप जगभर सापडतं, त्याकडे पुढे येते.

तिसरं रूप मोमियाईचं, आणि मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. माणसाला उलटं टांगायचं, खाली मंद जाळ करायचा, डोक्यातून थेंब थेंब गळणारा अर्क धरायचा. ती मोमियाई. कोणतीही जखम तिनं भरते, असा समज. विल्यम क्रूक या ब्रिटिश अधिकाऱ्यानं उत्तर हिंदुस्थानातल्या लोकसमजुतींच्या ग्रंथात ती नोंदवली, आणि त्या ग्रंथाची वाढवलेली आवृत्ती योगायोगानं १८९६ मध्येच निघाली. मोमियाई काढणारा साहेब पोरं पळवतो, ही धास्ती प्लेगच्या कितीतरी आधीपासून होती. प्लेगच्या काळात ती हॉस्पिटलच्या दारात येऊन बसली.

आजच्या वाचकाला ही कल्पना वेडगळ वाटेल, म्हणून इथे थोडं थांबायला हवं. मोमियाई नावाचं औषध खरंच होतं. इराणात खडकातून पाझरणारं डांबरासारखं काळं द्रव्य हाडं जोडायला आणि जखमांवर वापरत आणि मोठ्या किमतीला विकत. मध्ययुगात युरोपातल्या औषधविक्यांनी इजिप्तमधली मसाला भरलेली प्रेतं हेच ते द्रव्य असल्याचं मानलं आणि प्रेतांची भुकटी औषध म्हणून विकायला सुरुवात केली. हा व्यापार शतकानुशतकं चालला. आंब्रोझ पारे या फ्रेंच शल्यवैद्यानं १५८२ मध्ये त्याविरुद्ध लिहिलं, तरी पुढेही युरोपातल्या दुकानांत ही भुकटी मिळत राहिली. साहेबाचं वैद्यक माणसाच्या देहापासून औषध बनवतं, असं गिरणगावातला माणूस म्हणत होता तेव्हा त्याला हा इतिहास ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरीही त्याच्या तोंडी आलेली गोष्ट हवेतून जन्मलेली नव्हती. व्यापारी, हकीम, बैरागी, खलाशी यांच्या तोंडून फिरत फिरत एका खऱ्या व्यवहाराची सावली ती वागवत आली होती.

मोमियाईच्या शेजारी आपल्याकडची आणखी एक जुनी समजूत बसवून पाहावी: पुलाच्या, धरणाच्या, किल्ल्याच्या पायात माणूस गाडला की बांधकाम टिकतं. दोन्हीकडे मोठं काम उभं राहतं ते गरिबाच्या देहावर, आणि काम करवून घेणारा नेहमी वरचा असतो. गिरण्यांच्या मुंबईत ही समजूत कामगाराला कुणी शिकवावी लागत नव्हती. पहाटेच्या भोंग्यापासून अंधार पडेपर्यंत कापसाच्या धुरळ्यात उभं राहणाऱ्या माणसाला आपल्या देहातून कुणीतरी काहीतरी काढून घेतंय, हे रोज जाणवत होतंच.

गावाकडचं दुष्ट आणि शहरातलं

हे कामगार रत्नागिरीचे होते, साताऱ्याचे होते, घाटावरच्या कोरड्या गावांचे होते. साथ म्हणजे काय, हे त्यांना मुंबईनं शिकवलं नव्हतं. पटकी आली की मरीआई आली. ती उग्र होती, बळी घेणारी होती, पण तिच्याशी बोलता येत होतं. पोतराज अंगावर आसूड ओढी, देवीचा गाडा सजवून, नैवेद्य ठेवून गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडत. पुढच्या गावानं तो आणखी पुढे ढकलायचा. कोकणात देवळासमोर उभं राहून गाऱ्हाणं घालायचं. गावकरी सगळं मोकळेपणानं सांगायचे: चुकलंमाकलं असेल तर पदरात घे, पण ही इडापिडा गावाबाहेर काढ. जमलेले सगळे ‘व्हय म्हाराजा’ म्हणून त्याला साथ देत. वेताळ, देवचार, मुंजा, प्रत्येकाची जागा ठरलेली, वेळ ठरलेली, मागणी ठरलेली. कोंबडं, नारळ, भात, उतारा.

ही व्यवस्था रोग बरा करत नव्हती, हे स्पष्ट म्हणायलाच हवं. पटकी पाण्यातून येते, गाड्यावरून जात नाही. शिवेपलीकडच्या गावावर आपलं संकट ढकलणं हेही काही फार थोर नव्हे. पण त्या व्यवस्थेत एक गोष्ट होती जी आर्थर रोडला नव्हती. दुष्टाला पत्ता होता, त्याला काय हवं हे माहीत होतं, आणि त्याच्यापुढे उभं राहून बोलण्याचा हक्क गावातल्या माणसाला होता. आजारी माणूस शेवटपर्यंत आपल्या माणसांत असे. मेला तर त्याचं प्रेत घरचेच उचलत.

हॉस्पिटलात यातलं काहीच नव्हतं. खोलीच्या दाराशी पोलीस आणि डॉक्टर येत. जांघेत, काखेत हात घालून गाठी तपासत, बायकांच्यासुद्धा. माणूस डोलीत घालून नेत. त्यानंतर तो घरच्यांना दिसला तर नशीब. प्लेगवर तेव्हा कुठलाही इलाज नव्हता आणि रोगी बहुधा उशिरा नेले जात, त्यामुळे आत गेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त परत येत नसत. मागे घराचं छप्पर उघडून ऊन आत घेत, चुना लावत, सामान जाळत. भिंतीवर रोगाची खूण म्हणून वर्तुळ काढत, आणि घर राहण्यालायक नाही असं ठरलं तर दारावर इंग्रजी अक्षरं रंगवत: ‘यू. एच. एच.’. इंग्रजी न येणाऱ्या माणसाच्या दारावर न कळणारी तीन अक्षरं, आणि ती आली की घर गेलं. गावच्या भगतानं रेखलेल्या कुठल्याही यंत्राहून ती भयंकर होती.

आता त्या खोलीत राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून, हाती असलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढावा. चालता माणूस नेतात. कुठे ठेवतात ते दाखवत नाहीत. बरा झालेला फारसा कुणी दिसत नाही. का नेता, विचारलं तर उत्तर नाही. देहाचं काय करतात, माहीत नाही. यावरून ‘आत उपचार चालले आहेत’ हा निष्कर्ष निघत नाही. ‘आत माणसं मारतात’ हा निघतो. मी त्याला अंधश्रद्धा म्हणायला तयार नाही. अपुऱ्या पुराव्यावरून काढलेला तो चुकीचा, पण समंजस निष्कर्ष होता. त्याला आकार मात्र जुन्या गोष्टींनी दिला.

त्या वेळी डॉक्टरांकडे तरी काय होतं? प्लेगचा जंतू हाँगकाँगमध्ये १८९४ मध्ये सापडला होता, पण तो माणसापर्यंत येतो कसा, हे कुणाला ठाऊक नव्हतं. उंदरावरची पिसू तो आणते हे पॉल-लुई सिमाँ यानं कराचीत दाखवलं ते १८९८ मध्ये, आणि त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. १८९६ ची म्युनिसिपालिटी घाण, दमट हवा आणि दुर्गंध यांनाच दोष देत होती. म्हणून गटारांत कार्बोलिक हे जंतुनाशक आणि समुद्राचं पाणी सोडण्यात आलं, घरांवर बंबांनी मारा करण्यात आला. उंदीर मात्र मोकळे होते. हिमालयात गढवालातले लोक घरात उंदीर मरू लागले की गाव सोडून रानात जात, आणि ते त्या अधिकाऱ्यांच्या शास्त्रापेक्षा उपयोगी ठरत होतं. कार्बोलिकवरचा साहेबाचा विश्वास आणि अंगाऱ्यावरचा कामगाराचा विश्वास यांत फरक होता तो सत्तेचा. एकाच्या विश्वासामागे पोलीस उभे होते.

मिलान, लिव्हरपूल

ही आपल्याच लोकांची खासियत होती का? नाही, आणि ते दाखवायला दोन प्रकरणं पुरेत.

१६३० मध्ये मिलान शहरात प्लेग पसरला असताना एका सकाळी एका बाईनं खिडकीतून पाहिलं की एक माणूस भिंतीला लागून चालतो आहे आणि भिंतीला हात पुसतो आहे. तो होता गुलिएल्मो पियात्सा, शहराच्या आरोग्य खात्याचाच कर्मचारी. भिंतींना विषारी मलम फासून रोग पसरवणारे लोक शहरात फिरतात, ही समजूत आधीपासून होती. पियात्साला पकडलं, छळ करून नावं वदवून घेतली, त्यात जानजाकोमो मोरा या न्हाव्याचं नाव आलं. दोघांना हालहाल करून मारलं, मोराचं घर जमीनदोस्त केलं आणि त्या जागी त्यांच्या ‘दुष्कृत्या’ची आठवण म्हणून स्तंभ उभा केला. तो १७७८ पर्यंत तिथे होता. आलेस्सांद्रो मांझोनी या इटालियन लेखकानं १८४० मध्ये या खटल्याचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यात त्यानं धरलेला मुद्दा मला फार मोलाचा वाटतो: न्यायाधीशांकडे जे ज्ञान होतं तेवढ्यावरही त्यांना खरं दिसू शकलं असतं, काळ अडाणी होता ही त्यांची सबब चालणार नाही. मिलानमध्ये अफवेवर विश्वास ठेवून माणसं मारली ती जमावानं नव्हे, कायद्यानं.

दुसरं प्रकरण लिव्हरपूलचं, १८३२ चं. पटकीची साथ होती आणि हॉस्पिटलांसमोर गरिबांचे जमाव डॉक्टरांवर दगड मारत होते. त्यांचं म्हणणं, डॉक्टर चिरफाडीसाठी माणसं मारतात. याला आधार होता. चारच वर्षांपूर्वी एडिंबरात बर्क आणि हेअर या दोघांनी सोळा खून करून प्रेतं शरीरशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. रॉबर्ट नॉक्सना विकली होती. थडगी उकरून प्रेतं विकण्याचा धंदा तर राजरोस चाले. त्याच १८३२ मध्ये पार्लमेंटनं कायदा केला आणि बेवारस गरिबांची प्रेतं शिकवणीसाठी देण्याची मुभा दिली. गरीब माणसाचा देह मेल्यावर कुणाच्या मालकीचा, हा प्रश्न तिथेही होताच. लिव्हरपूलच्या गोदी कामगाराला आणि परळच्या गिरणी कामगाराला एकमेकांची भाषा कळली नसती, पण आरडाओरडा कशाबद्दल आहे हे नक्की कळलं असतं.

जी बाजू सोडून चालणार नाही

इथपर्यंत वाचून कुणाला वाटेल की मी जमावाची वकिली करते आहे. तसं नाही.

एक तर विरोध फक्त भीतीतून आला नव्हता, त्यात सोवळंओवळंही होतं. कुणाच्या शेजारी खाट, कुणाच्या हातचं पाणी, याला वरच्या जातींचा कडाडून विरोध होता. पुढे सरकारनं जातीजमातींची वेगळी हॉस्पिटलं उघडू दिली तेव्हा विरोधाचा बराच जोर गेला. पारशी, खोजे, मेमन, जैन, हिंदू, सगळ्यांनी आपापली सोय केली. ओळखीची माणसं आसपास दिसल्यानं विश्वास बसला, हे खरं. जात शाबूत राहिली म्हणूनही तो बसला, हेही तितकंच खरं. ज्यांची सोय करायला कुणी श्रीमंत शेट नव्हता ते आर्थर रोडलाच राहिले.

दुसरं असं की, दुष्टशक्तीची हीच भाषा एरवी कुणावर चालते ते आपल्याला ठाऊक आहे. गावात मूल दगावलं, गाय आटली की बोट जातं विधवेकडे, एकट्या म्हातारीकडे, हद्दीबाहेर राहणाऱ्याकडे. करणी तिनं केली, नजर तिची लागली. १८९६ मध्ये मुंबईत ते बोट वर, सरकारकडे गेलं, ही या प्रकरणातली वेगळी गोष्ट. ती नेहमी घडत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारे समजून ठेचून मारलं. १६ एप्रिल २०२० च्या रात्री पालघरच्या गडचिंचल्यात, मुंबईहून सुरतेकडे निघालेले दोन साधू आणि त्यांचा गाडीवान असेच मारले गेले. परका येतो, मुलं नेतो, अवयव काढतो: ही मोमियाईचीच गोष्ट, फक्त ती व्हॉट्सअॅपवरून फिरली आणि तिच्या तावडीत सापडले ते दुबळे, वाटसरू. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. तो भोंदू बाबाला पकडू शकतो. रात्रीत पसरणाऱ्या भीतीला पकडायला कलम नसतं.

म्हणून अफवेचं समर्थन करणं आणि अफवा समजून घेणं या दोन गोष्टी मी वेगळ्या ठेवते. पहिली मला कधीच जमणार नाही. दुसरी केली नाही तर पुढची अफवा रोखता येत नाही. २०२० मध्ये मुंबईतले कोविडचे पहिले संशयित रुग्ण याच कस्तुरबात ठेवले गेले. काही आठवड्यांत, प्लॅस्टिकमध्ये बांधलेल्या प्रेतांचे आतले अवयव काढून घेतात अशी कुजबुज माझ्याही कानावर आली, आणि ती सांगणारी माणसं शिकलेली होती. घरच्यांना चेहरा पाहू दिला जात नव्हता. बाकीचं आपोआप घडलं.

भीती कशानं कमी झाली

स्नो यांनी ३० ऑक्टोबरला घेतलेली माघार टिकली नाही. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, मार्चमध्ये जनरल गॅटकर यांच्या हाताखाली प्लेग कमिटी नेमली गेली आणि घरझडत्या पुन्हा सुरू झाल्या. मधल्या काळात, ९ फेब्रुवारी १८९७ ला, नारायण मेघाजी लोखंडे प्लेगनं गेले. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून देणारा हा माणूस. कामगारांच्या भाषेत बोलणारा, त्यांच्या भीतीचा आणि दवाखान्याचा दुवा होऊ शकेल असा दुसरा कुणी त्या दिवसांत नव्हता. लोखंडे आणखी पाच वर्षं जगते तर, हा विचार मला सोडत नाही. ९ मार्च १८९८ ला पुन्हा दंगल उसळली, या वेळी मुसलमान विणकरांच्या वस्तीतून, आणि एका मुलीला प्लेगच्या संशयावरून तपासायला नेण्याच्या प्रयत्नातून. त्यानंतर मात्र सरकारनं सक्तीचा हात हळूहळू आखडता घेतला.

भीती खऱ्या अर्थानं हलली ती दुसऱ्या वाटेनं. वाल्डेमार हाफकिन हा रशियन साम्राज्यातून आलेला ज्यू शास्त्रज्ञ ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करत होता. १० जानेवारी १८९७ ला त्यानं ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली. ‘स्वेच्छेनं’ असं लिहिलेलं असलं तरी कैद्याची स्वेच्छा किती, हा प्रश्न मी विसरू देत नाही. खोज्यांचे धर्मगुरू, तेव्हा विशीतही न पोचलेले आगाखान, यांनी हाफकिनला आपली वास्तू प्रयोगशाळेसाठी दिली आणि अनुयायांसमोर जाहीरपणे लस टोचून घेतली. त्यांच्यामागे हजारो खोजे पुढे आले.

मोमियाईच्या गोष्टीला यापेक्षा नेमकं उत्तर असू शकत नाही. त्या गोष्टीचं सार असं की वरचा माणूस खालच्याच्या देहातून घेतो. इथे वरच्या माणसानं आपला देह आधी पुढे केला, आणि तो सगळ्यांदेखत केला. पत्रकं, दवंड्या, डॉक्टरांची भाषणं यांनी जे झालं नव्हतं ते त्या उघड्या दंडानं झालं.

पण या प्रकरणाला आणखी एक टोक आहे. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात हाफकिनची लस १०७ जणांना टोचली आणि एकाच बाटलीतून लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. बाटली उघडताना मदतनीसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला होता. सरकारला मात्र दोष परळच्या प्रयोगशाळेत हवा होता. लसीत जंतू मारण्यासाठी कार्बोलिकऐवजी उष्णतेचा वापर सुरू केला, हा हाफकिनचा गुन्हा ठरला. चौकशी समितीनं त्याच्यावर ठपका ठेवला आणि त्याला कामावरून दूर केलं. पुरावा गावातल्या चिमट्याकडे बोट दाखवत होता, पण अधिकाऱ्यांना परक्या मुलखातला, परक्या धर्माचा एक माणूस पुरेसा वाटला. आर्थर रोडच्या जमावाला अडाणी म्हणणाऱ्या याच व्यवस्थेनं, अहवाल आणि सह्याशिक्क्यांसकट, स्वतःसाठी एक मोमियाईवाला उभा केला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांत जाहीर पत्रं लिहिली तेव्हा कुठे हाफकिनवरचा डाग पुसला गेला. तो हिंदुस्थानात परतला तो कलकत्त्याला. परळची प्रयोगशाळा त्याला परत मिळाली नाही. तिला त्याचं नाव दिलं गेलं १९२५ मध्ये.